शेकडा पाच

हरिपूरच्या वाटेवर चिंचांची सावली होती तेव्हाची गोष्ट.
चनबसशेठच्या अडतीवर मी मापाडी होतो,
काटा माझ्या हातात
आणि माझा हात शेठच्या.

जमिनीखाली पेवं. तोंड सुपाएवढं,
पोट मात्र शेठसारखं.
समडोळीची, तुंगची, दिग्रजची हळद त्यात उतरायची,
वर्ष-दोन वर्षं अंधारात निजायची,
आणि बाहेर येताना
माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात
शेकड्याला पाच कमी व्हायची.
"तूट," शेठ म्हणायचे. "माती खाते. मातीला कोण बोलणार?"
शेतकरी मातीकडे बघायचे
आणि अंगठा उठवायचे.

पेवात उतरायचा दर्याप्पा.
काटकुळा, कानात बाळी,
हसला की दातसुद्धा पिवळे.
आधी दोराने कंदील सोडायचा;
जळत राहिला तर मागून आपण,
विझला तर काठावर तंबाखू मळत बसायचा.
त्याच्या मजुरीतूनही शेठ शेकडा पाच कापायचे.
"तूही मातीतच जातोस की रे."

त्या सोमवारी सात नंबरचं पेव रिकामं झालं.
दर्याप्पा वर आला तो तोंड मिटून, मूठ मिटून.
शेठनी मूठ उघडायला लावली:
हळदीने माखलेली एक पुतळी.
(पितळेची. बायकोच्या गळ्यातली. मला नंतर कळलं.)
"खाली लई हायती मालक. म्या हात न्हाई लावला.
ज्येचं त्येनं न्यावं."

शेठचा भरवसा हमालांवर नव्हता, माझ्यावर नव्हता,
सख्ख्या मेहुण्यावरही नव्हता.
"मीच उतरतो."
"मग आदी काट्यावर बसा," दर्याप्पा म्हणाला,
"दोराला भार समजाया पायजे."
मी तोललं. तीन मण.
त्या काट्यावर माझ्या हातून झालेलं
पहिलं खरं माप.

पेवाच्या तोंडात शेठ अडकले.
दोघांनी खांदे दाबून आत सारले.
थोड्या वेळाने रांजणातून यावा तसा आवाज:
"अरे, इथे काही नाही! ओढा वर!"

दर्याप्पाने दोर चिंचेला बांधला,
काठावर उकिडवा बसला.
"वढतो की. पर मालक, हिशेब?
आत गेला तवा तीन मण. म्हंजी एकशेवीस शेर.
शेकडा पाचानं सहा शेर तूट.
कुठनं काढायची? दोन कानांत छटाक बी भरायचा न्हाई.
पोटाकडनं घिऊ?"
आणि विळा मागितला,
खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

एव्हाना तुंगचे गाडीवान जमले होते,
हमाल, चहावाला, शाळा बुडवलेली चार पोरं.
खालून आधी शिव्या आल्या, मग विनवण्या,
मग ते वाक्य,
पेवानं घुमवून, मोठं करून वर फेकलेलं:
"तूट नसते रे! आत माल ओल धरतो, वाढतो!
शेकड्याला तीन वाढतो!"

कुणी काही बोललं नाही.
एक बैल फुरफुरला.
"मापाडी, लिवा," दर्याप्पा म्हणाला.
टोपलीतून वही, दौत खाली गेली, कंदिलाच्या उजेडात,
आणि वर आली.
शेठ चांगले लफ्फेदार सही करणारे,
पण घाईत अंगठाच उठवला होता. पिवळा.

पुढे पुराचं पाणी शिरून पेवं खचली.
शेठ गेले, चिंचाही थोड्याच उरल्या.
एकदा संगमावर दर्याप्पा भेटला, म्हातारा, बाळी तीच.
विचारलं, "माल वाढतो हे तुला ठाऊक होतं?"
"छ्या. म्या तुजी करंगळी बघायचो बारा वर्सं.
माल घेताना पारड्याखाली,
देताना पारड्यावर.
मातीच खात आसती
तर बोट कशाला लागलं आसतं?"

एवढं बोलून त्यानं मला चहा पाजला.
अजूनही कप उचलताना
ती करंगळी कुठे ठेवावी
मला कळत नाही.